कुत्र्याचा ३६ इंची फोल्डिंग पिंजरा, पण मांजरांसाठी: सात आठवडे वापरून लिहितेय

बॉक्सवर लॅब्राडॉरचा फोटो आहे आणि आमच्या घरात कुत्रा नाही. आमच्याकडे होती एक रस्त्यावरची भाटी, माणूस दिसला की फिस्कारणारी, आणि तिची तीन पिल्लं. डोंबिवलीतला १ बीएचके, त्यात मी, नवरा, सासूबाई, वर ही चार. ऑनलाईन रिव्ह्यू बघितले तर सगळे 'माझ्या पपीला खूप आवडला' टाईप, जंगली मांजरासाठी कोणी वापरलाय असं कुठे दिसेना, म्हणून लिहितेय.

झालं असं की जुलैत आमच्या बिल्डिंगच्या पंप रूममागे हिने पिल्लं घातलेली, पाऊस वाढला तसं तिथे पाणी शिरायला लागलं आणि सोसायटीत 'उचलून कुठेतरी लांब सोडा' सुरू झालं. पिल्लं हातात आली, आई कुठली येतेय. मागच्या गल्लीत एक काकू आहेत ज्या रोज मांजरांना खाऊ घालतात, त्यांच्याकडून दार पडणारा ट्रॅप आणला, आत भाजलेली सुकट ठेवली (घरभर वास, सासूबाई दोन तास गॅलरीत) आणि चाळीस मिनिटात बाई आत. पहिली चूक म्हणजे सगळ्यांना बाथरूममध्ये सोडलं. चारही जण वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसले आणि दोन दिवस आम्ही त्यांचं फक्त शेपूट बघितलं, खाणं रात्री संपायचं, आम्ही आंघोळीला बादली घेऊन शेजारी. लपायला जागा भरपूर मिळाली की मांजर माणसाळत नाही, ते फक्त जास्त चांगलं लपायला शिकतं. म्हणून पिंजरा.

साईजबद्दल आधी. मांजरांसाठी म्हणून जे गुलाबी, छोटे, २४ इंची विकतात ते घेऊ नका, त्यात शी-शूच्या वाळूचा (लिटरचा) ट्रे ठेवला की मांजराला बसायला ट्रेच उरतो. ३६ इंची म्हणजे साधारण ३६ बाय २३ बाय २५, त्यात एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला लपायला आडवा केलेला पुठ्ठ्याचा खोका आणि मध्ये वाट्या, असं नीट बसतं. मला ३,२०० ला पडला. विकणाऱ्याने पहिला पाठवला तो कोपऱ्यात दबलेला, दार लागतच नव्हतं, बदलून मिळायला चार दिवस आणि सहा फोन. दुसरा ठीक आला. जोडायला काही नाही, सुटकेससारखा उघडायचा, बाजूच्या पट्ट्या आकड्यात अडकवायच्या, पाच मिनिटं. बोटं सांभाळा तेवढी.

दोन दारं असलेलाच घ्या हे मी ओरडून सांगेन. एक पुढे, एक बाजूला. ट्रे बाजूच्या दाराने काढायचा, खाणं पुढच्या दाराने, म्हणजे खोक्यात बसलेल्या आईच्या तोंडासमोरून हात न्यावा लागत नाही. मी तिसऱ्या दिवशी शहाणपणा करून नेला आणि मनगटावर दोन ओरखडे, रक्त आलं. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला आणि पालिकेच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू केली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मांजराचा ओरखडा आहे, हळद लावते म्हणून घरी बसू नका. नंतर मी जाळीला आतून अडकणाऱ्या स्टीलच्या वाट्या आणल्या, त्या कंपनीनेच द्यायला हव्या होत्या खरं तर.

आता मोठी तक्रार. तारांमधलं अंतर दीड इंच आहे, पाच आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं त्यातून जात नाही, पण खाली ट्रे सरकवायची जी फट असते तिथली पट्टी नुसती वर-खाली हलते, तिला लॉक नाही. पाचव्या रात्री दोन वाजता सगळ्यात बारकं, काळं पिल्लू तिथून बाहेर. अख्खं घर पालथं घातलं, फ्रीजमागे टॉर्च, देवघराखाली टॉर्च, शेवटी सोफ्याच्या खालच्या अस्तराला एक फाटकी जागा दिसली आणि आतून खसखस. हात घातला की ते अजून आत. नवरा म्हणाला सोफा फाडू, मी म्हटलं थांब. मग पिंजराच उचलून सोफ्याला चिकटवून ठेवला, दिवे बंद केले आणि आम्ही किचनमध्ये जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने आईने तो आवाज काढला, म्याव नाही, घशातल्या घशात बारीक घुर्रर्र, आणि काळू बाहेर आला आणि चक्क बाहेरून त्याच फटीतून आत घुसायला बघत होता, मागचे पाय हवेत. सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून झिप टाय आणल्या (२० रुपयांचं पाकीट) आणि ती पट्टी, खालचे कोपरे सगळं करकचून बांधलं. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

वरून झाकायला कव्हर वेगळं विकतात, ९०० रुपये, अजिबात घेऊ नका. सासूबाईंची जुनी सुती नऊवारी, चौपदरी घडी घालून, तीन बाजूंनी. नवीन मांजराला चारही बाजूंनी घर दिसत राहिलं की ते भेदरतं, झाकलं की श्वास घेतं. मग रोज साडी थोडी थोडी वर सरकवायची. सासूबाई पहिल्या आठवड्यात 'अगं हे मांजर आहे की फटाका' म्हणत होत्या, त्याच दुपारी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून मोठ्याने पेपर वाचायला लागल्या, आणि खरं सांगू, माझ्या सगळ्या ट्रीटपेक्षा त्या पेपरवाचनाने जास्त काम केलं. मांजरांकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, नुसतं शेजारी असायचं. कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही, हे सगळं त्यांना पिंजऱ्यातून, सेफ जागेतून ऐकायला मिळालं. पिंजरा हॉलमध्ये ठेवा, आतल्या खोलीत दार लावून नको.

पिल्लांचं गणित वेळेचं आहे. माणसाची सवय सगळ्यात पटकन लागते ती दोन ते सात आठवडे वयात, फार तर नऊपर्यंत. डॉक्टरांनी दात बघून पाच आठवडे सांगितले, म्हणजे आमच्याकडे दिवस थोडे होते. त्यात आई सोबत असली की पिल्लं तिचं बघून फिस्कारतात, अगदी थुंकल्यासारखं फ्फट्, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा एकेका पिल्लाला टॉवेलात फ्रँकीसारखं गुंडाळून मांडीवर घ्यायचे. खाणं आधी लांब दांड्याच्या चमच्यावर, उकडलेलं बिनमिठाचं चिकन कुस्करून, मग छोट्या चमच्यावर, मग बोटावर. चोखताना बोट चावतं तेव्हा ओढायचं नाही. आणि जुना मऊ टूथब्रश! कपाळावरून फिरवला की त्यांना आईची जीभ वाटते बहुतेक, काळूने आठव्या दिवशी ब्रशखाली पहिल्यांदा गुरगुर केली, रागाची नाही, ती दुसरी, आणि मग स्वतःच दचकून थांबला. दूध देऊ नका, पोट बिघडतं. गोळा होणारी लिटर पण या वयात नको, ती खातात, आम्ही चाळलेली वाळू वापरली.

साफसफाईत पिंजऱ्याला पाचपैकी दोन. ट्रे प्लॅस्टिकचा, पातळ, तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात तडकला. कडांना शू जाऊन काळा रंग सुटला आणि खाली गंज, पावसाळ्यात तर वाळतच नाही. आणि कृपा करून फिनाईलने पुसू नका, मांजराला ते विषारी असतं, चाटूनच पोटात जातं. मी पातळ केलेलं ब्लीच, मग साधं पाणी दोनदा, मग पंख्याखाली कोरडं. तोपर्यंत मंडळी ट्रॅपमध्ये आणि कॅरिअरमध्ये, हे रोजचं.

आता आई. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, स्वतःचं खायला लागली, पहिली लस झाली, तेव्हा तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. थांबलो असतो तर पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण, हे लोकांना खोटं वाटतं पण खरंय. ऑपरेशननंतरचे दिवस हा पिंजरा सोन्यासारखा, उडी नाही, धावपळ नाही, टाके दिसतात, खाल्लं किती ते कळतं. फक्त यासाठी कोणी घेत असेल तर डोळे झाकून घ्या. पण ती माणसाळली का? नाही. पाच आठवड्यांत एवढंच झालं की मी वाटी ठेवताना ती फिस्कारायची थांबली, एकदा माझ्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, उघडले, बस. मला हावरटपणा होता की अजून महिनाभर ठेवू, येईल मांडीवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला विचारून बघा, रात्री ती काय करते. रात्री ती दाराची कडी चाटत बसायची. मोठं झालेलं जंगली मांजर आपल्या हौसेसाठी कोंडून ठेवण्यात काही राम नाही. कानाचं टोक कापलेलं (नसबंदी झाल्याची खूण), टाके भरलेले, रेबीजची लस झालेली, तिला तिच्याच पार्किंगमध्ये सोडली. दार उघडल्यावर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. संध्याकाळी साडेसातला मात्र वॉचमन काकांच्या खुर्चीखाली हजर, वाटी कुठेय म्हणून.

दोन पिल्लं पिंजरा आल्यापासून सातव्या आठवड्यात ठाण्याला एकाच घरी गेली, जोडीने. काळू राहिला, का ते विचारू नका, सासूबाईंचा पेपर आता त्याच्यावर ठेवून वाचला जातो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्या म्हणाल्या फिरवली असतील, पण भाडं आपलं घर भरतंय.

एकंदर पाचपैकी साडेतीन. लपायला खोका, झिप टाय, जाड ट्रे एवढं तुमचं तुम्हाला घालावं लागणार, तो खर्च धरून ठेवा. घडी घातली की दारामागे मावतो ही जमेची बाजू, पण आमचा सध्या दारामागे नाहीये, डी विंगमध्ये डक्टजवळ अजून एक बाई व्यायलीये, तिकडे गेलाय. देताना झिप टाय कापू नका एवढं बजावून दिलंय, आणि तडकलेल्या ट्रेखाली जुनी पोस्टर पसरा म्हणून.