कॉम्प्युटरचा आवाज स्टिरिओवर: साधी केबल, डॅक, ऑप्टिकल की एचडीएमआय?

केबल विकत घेण्याआधी रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा स्टिरिओचा डबा, जरा पुढे ओढा आणि त्याची पाठ बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. जुना दोन स्पीकरचा स्टिरिओ रिसीव्हर असेल, तर मागे लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या दिसतील आणि त्यांवर फोनो, सीडी, टेप, ऑक्स असं काहीबाही लिहिलेलं असेल. एवढंच असेल, तर ऑप्टिकल आणि एचडीएमआय थेट जोडायचा प्रश्नच उरत नाही. बारीक झाकणाचं चौकोनी छिद्र असेल, तर ऑप्टिकलची सोय आहे. एचडीएमआयची रांगच असेल, तर तो सिनेमासाठी केलेला एव्ही रिसीव्हर आहे.

दुसरी गोष्ट मनाशी पक्की करायची. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. स्पीकरला मात्र कमी-जास्त होणारी वीज लागते. म्हणजे आकड्यांची वीज कुठेतरी करावीच लागते, आणि ते काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. हे काम कॉम्प्युटरच्या पोटात होऊ द्यायचं, मध्ये ठेवलेल्या डबीत, की रिसीव्हरच्या आत, एवढंच काय ते ठरवायचं असतं. कुठली केबल आणायची, हे त्यावरून आपोआप ठरतं.

साधी केबल

एका टोकाला ३.५ मिलिमीटरची हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी आरसीए पिन. पिनचं टोक डाव्या स्पीकरचं, मधली कडी उजव्याची आणि बुडाचा भाग ग्राउंडचा, म्हणजे दोन्हींच्या सामाईक परतीच्या वाटेचा. पांढरी डावी, लाल उजवी. डेस्कटॉपला मागे सहसा तीन रंगांची भोकं असतात, त्यातलं हिरवं आपलं. पिन अर्धवट बसली की एकाच बाजूने आवाज येतो आणि माणूस उगाच रिसीव्हरला दोष देत बसतो.

रिसीव्हरच्या बाजूला ऑक्स, सीडी किंवा टेप इन यांपैकी कुठेही लावा, आत सगळं सारखंच असतं. फोनोत मात्र चुकूनही नको. रेकॉर्डच्या सुईकडून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनोचं सर्किट ते साधारण शंभर पटीने वाढवतं आणि वर खर्जही फुगवतं. तिथे कॉम्प्युटरचा जवळपास एक व्होल्ट घातला, तर फाटका, भसाडा आवाज येणारच. टेप आउट किंवा रेक आउटमध्ये लावलं, तर काहीच ऐकू येणार नाही, कारण ती भोकं आवाज बाहेर देण्यासाठी आहेत.

आवाज कमी-जास्त करायचा तो रिसीव्हरवरून. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम वरच ठेवा. तो खाली ठेवून रिसीव्हरचा नॉब पिळलात, तर गाण्याबरोबर वाटेतली खरखरही मोठी होते. फक्त काही लॅपटॉपचा हेडफोन जॅक अगदी शंभरावर नेला की आवाज फाटतो. तसं झालं तर थोडं खाली यायचं.

माझं स्पष्ट मत: सुरुवात इथूनच करावी. हल्लीच्या बऱ्याचशा लॅपटॉपमधला डॅक पुरेसा चांगला असतो. चार दिवस याच केबलवर ऐका. तक्रार असेल तर ती नेमकी काय, हे तेवढ्यात कळतं, आणि पुढचा खर्च त्या तक्रारीसाठी करता येतो.

गुणगुण आणि चिरचिर

तक्रारी मुख्यतः दोन, आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. मीही केली होती.

रात्री गाणं बंद होतं, रिसीव्हर चालू होता. स्पीकरमधून सतत एक जाडसर गुणगुण येत होती, शेजारच्या खोलीत फ्रिज चालू असावा तशी. मी ठरवून टाकलं की लॅपटॉपचं साउंड कार्डच भिकार आहे, आणि यूएसबीवर चालणारी डॅकची डबी घेऊन आलो. जोडली. गुणगुण जशीच्या तशी! वैतागून लॅपटॉप उचलायला गेलो, तेवढ्यात चार्जरची पिन निसटली आणि खोली एकदम गप्प झाली.

हा ग्राउंड लूप. चार्जरमार्गे लॅपटॉपला एक अर्थिंग मिळतं आणि रिसीव्हरला दुसऱ्या वाटेने, कधी त्याच्या स्वतःच्या पिनमधून तर कधी त्याला जोडलेल्या टीव्हीच्या किंवा अँटेनाच्या वायरमधून. ऑडिओ केबलने ही दोन टोकं जोडली की वेटोळं पूर्ण होतं, केबलच्या ग्राउंडमधून बारीकसा प्रवाह वाहू लागतो आणि रिसीव्हर त्यालाही गाणं समजून मोठं करतो. विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची लय आपल्याला ऐकू येते ती अशी. डॅकने ती जात नाही, कारण यूएसबीच्या वायरमध्येही ग्राउंड असतंच. यावर उपाय तीन. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, कधी कधी तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं, तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची (आवाज पुढे देणारी, पण दोन्हीकडची वायर थेट न जोडणारी) छोटी डबी घाला. नाहीतर सरळ ऑप्टिकल केबल वापरा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकायचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो ऐकू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

दुसरी तक्रार म्हणजे चिरचिर. स्पीकरजवळ कान नेला की पान वर-खाली सरकवताना बारीक किर्र आवाज येतो आणि माउस थांबला की तोही थांबतो. ही कॉम्प्युटरच्या बोर्डावरची आतली गडबड. इथे बाहेरचा डॅक बहुतेक वेळा कामाला येतो, कारण आकड्यांची वीज करण्याचं काम त्या गोंधळापासून लांब जातं.

डॅक की ऑप्टिकल

म्हणजे चिरचिर असेल, कॉम्प्युटरला हेडफोनचं भोकच नसेल किंवा आवाज फार दबका येत असेल, तर डॅक घ्या. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतो आणि टेबलावर ठेवायचे बरेचसे डॅकही तेवढेच देतात, त्यामुळे सीडी आणि कॉम्प्युटर आलटून पालटून ऐकताना नॉब सारखा फिरवावा लागत नाही. विंडोजमध्ये २०१७ पासून नव्या पद्धतीच्या यूएसबी ऑडिओची सोय आतच असते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर बहुतेकदा लागत नाही. खोक्यावरच्या १९२, ३८४ किलोहर्ट्झच्या आकड्यांना (सेकंदाला आवाज किती हजार वेळा मोजला, ते) भुलू नका. सीडी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर चालते आणि ऐकायला ते पुरतं.

गुणगुण असेल आणि रिसीव्हरला ऑप्टिकलचं छिद्र असेल, तर माझी पसंती ऑप्टिकलला. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही टॉसलिंक केबल म्हणजे प्रकाश वाहून नेणारा प्लॅस्टिकचा धागा. टोकाकडे बघितलं तर लाल उजेड दिसतो. त्यातून वीज जातच नाही, मग वेटोळं पूर्ण होणार कसं? कॉम्प्युटर आकडे जसेच्या तसे पाठवतो आणि त्यांची वीज रिसीव्हरमधल्या डॅकमध्ये होते. शेजारी नारिंगी कोअ‍ॅक्सिअल भोक असेल, तर त्यातूनही तेच आकडे जातात, पण तांब्यातून, त्यामुळे गुणगुण परत येण्याची वाट मोकळी राहते.

ऑप्टिकलचे नखरेही आहेत. केबल काटकोनात मोडली की संपली. पिनवर इवलंसं पारदर्शक टोपण असतं. ते काढायचं राहून जातं आणि माणूस पंधरा मिनिटं सेटिंगमध्ये डोकं घालून बसतो. कॉम्प्युटरमध्ये आउटपुट पीसीएम, म्हणजे न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज, ठेवावं लागतं. डॉल्बी, म्हणजे दाबून पाठवलेला आवाज, ठेवलं आणि रिसीव्हरला ते कळत नसलं, तर शांतता किंवा खरखराट, दोन्हीपैकी एक ठरलेलं. शिवाय आवाज सुरू होताना रिसीव्हर क्षणभर अडखळतो, म्हणून गाण्याचा पहिला स्वर कधी कधी गिळला जातो. लॅपटॉपला ऑप्टिकलचं भोक क्वचितच असतं. काही जुन्या मॅकबुकमध्ये ते हेडफोनच्याच भोकात दडलेलं होतं. बाकीच्यांना यूएसबीतून ऑप्टिकल देणारी डबी लागते.

एचडीएमआय

सिनेमा बघायचा असेल आणि पाच-सात स्पीकर असतील, तर दुसरा विचारच करू नका. एचडीएमआयमधून न दाबलेले आठ चॅनल, म्हणजे आठ स्पीकरचे वेगवेगळे आवाज, जातात. ऑप्टिकलमधून न दाबलेले दोनच जातात, पाच हवे असतील तर डॉल्बीसारखं दाबून पाठवावं लागतं.

पण केवळ गाण्यांसाठी हे लग्न मला पटत नाही. कॉम्प्युटर रिसीव्हरला मॉनिटर समजतो. माउसचा बाण पडद्याच्या कडेला जातो आणि नसलेल्या दुसऱ्या पडद्यावर हरवतो. उघडलेल्या खिडक्याही तिकडेच जाऊन बसतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डुप्लिकेट केलं की बाण परत सापडतो, पण रिसीव्हर बंद केला की सगळी मांडामांड पुन्हा हलते. मॉनिटर किंवा टीव्ही रिसीव्हरमधूनच जोडलेला असेल, तर मात्र ही कटकट नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. लाल-पांढरी पिन असलेला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला लावला की वायरची भानगड मिटते. आवाज दाबून पाठवला जातो, पण पार्श्वसंगीताला चालतं. तो किंचित उशिरा पोचतो, म्हणून गेम खेळताना किंवा कीबोर्ड वाजवताना नको. व्हिडिओ प्लेअर बहुधा तेवढं सांभाळून घेतात.

अंतरही बघून ठेवा. साधी केबल चार-पाच मीटरपर्यंत कुरकुरत नाही. साधी यूएसबी केबल साधारण पाच मीटरच्या पुढे नेऊ नये. म्हणून टेबल आणि रिसीव्हर खोलीच्या दोन टोकांना असतील, तर डॅक कॉम्प्युटरजवळ ठेवण्यापेक्षा लांब ऑप्टिकल टाकणं सोयीचं पडतं.

यातलं काहीही जोडा, कॉम्प्युटरचे टिंगटिंग करणारे नोटिफिकेशन आधी बंद करा. मोठ्या स्पीकरवर मध्यरात्री आलेला ईमेल सगळ्या घराला कळतो. आणि पिन घालताना-काढताना रिसीव्हरचा नॉब शून्यावर ठेवा, नाहीतर स्पीकरचा पडदा ‘ढब्ब’ करून पुढे उडी मारतो. रिसीव्हर सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि बंद करताना सगळ्यात आधी.