लाल टोचा बूट आणि 2030 सालचे पैसे

रीबॉकचा ‘क्वेश्चन मिड’ हा बूट घ्यावा असं पहिल्यांदा वाटलं तेव्हा मी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सिमेंटच्या कोर्टवर कॅनव्हासच्या बुटांनी बास्केटबॉल खेळत होतो. प्रत्यक्षात घेतला तो या जूनमध्ये, फिलाडेल्फियाला बहिणीकडे गेलो तेव्हा. पांढरं कातडं, पुढे मोत्यासारखी झाक असलेला लाल टो, खाली बर्फाच्या रंगाचा अर्धपारदर्शक सोल. दीडशे डॉलरच्या वर गेले. एवढे पैसे मी बुटावर कधीच घातले नव्हते आणि ते घातल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

हा अमेरिकन बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनच्या नावाचा बूट. 1996च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं आणि त्याच वर्षी हा बाजारात आला. त्याची उंची कागदोपत्री सहा फूट, म्हणजे त्या लीगमध्ये ठेंगणाच. मार्च 1997मध्ये त्याने त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू मायकेल जॉर्डनला एका क्रॉसओव्हरने, म्हणजे चेंडू झटकन एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन, हलवलं आणि त्याच्या डोक्यावरून शॉट मारला. माझी उंची पाच फूट चार इंच. ‘तू बॅडमिंटन खेळ’ हे ऐकत मोठा झालेल्या पोराला तो शॉट म्हणजे काय होता, हे माझ्यासारख्यालाच कळेल.

आता बुटाबद्दल. घोट्याला पकड छान आहे, दिशा बदलताना पाय आत सरकत नाही. टाचेखाली ‘हेक्सालाइट’ आहे, लवचिक प्लॅस्टिकच्या षटकोनी कप्प्यांची पोळ्यासारखी जाळी. पाय पडला की ती दबते आणि लगेच सावरते, बाजूच्या छोट्या खिडकीतून दिसतेही. घडण तीस वर्षांपूर्वीची असल्यामुळे आजच्या विणलेल्या, हलक्या बुटांची सवय असलेल्या पायाला हा भारदस्त लागतो. रविवारी तासभर हाफ कोर्ट खेळायला मला तो आवडतो. रोज दोन तास सराव करणाऱ्या माझ्या मुलीला मी हा घेऊन देणार नाही.

नकली जोड ओळखायची खूण तीच खिडकी. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी याच नावाचा जोड स्वस्तात मागवला होता. खिडकीमागे जाळी नव्हतीच, तिचं चित्र छापलेलं होतं. नखाने खरवडलं तर रंग निघाला. पैसे बुडाले.

पण हा बूट घेण्यामागे माझं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे रीबॉकने 2001मध्ये आयव्हर्सनशी केलेला जाहिरातीचा आजीवन करार. आजीवन करार पुढे बऱ्याच जणांना मिळाले: फुटबॉलपटू बेकहॅमला 2003मध्ये आदिदासकडून, बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सला 2015मध्ये नायकेकडून. त्या बातम्यांत चर्चा असते ती एकूण आकड्याची. आयव्हर्सनच्या करारात मला भावते ती पैशाची विभागणी. प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे त्याला दरवर्षी आठ लाख डॉलर मिळतात आणि तीन कोटी वीस लाख डॉलर एका ट्रस्टमध्ये वेगळे ठेवलेत, ते त्याला तो पंचावन्न वर्षांचा झाल्यावर मिळायचे. म्हणजे जून 2030मध्ये.

करार झाला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. पगारापोटी त्याने कारकिर्दीत पंधरा कोटी डॉलरहून जास्त मिळवले आणि तरीही 2012मध्ये एका सराफाच्या थकबाकीपायी जॉर्जियाच्या कोर्टाने त्याच्या बँक खात्यावर टाच आणली. ट्रस्टमधली रक्कम हातात असती तर तीही त्याच वाटेने गेली असती, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांनी कुणी ते कलम घातलं, त्यांनी त्याच्यावर माया केली. मधल्या काळात रीबॉक कंपनी आदिदासने घेतली आणि पुढे विकलीही, पण करार टिकला. 2023मध्ये माजी बास्केटबॉलपटू शकील ओनील रीबॉकच्या बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष झाला आणि आयव्हर्सन उपाध्यक्ष.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घराचं छप्पर गळायचं, माझी फी थकायची, पण फंडाला त्यांनी हात लावला नाही. आई त्यावरून दोनदा रडलेली मला आठवते. ते रिटायर झाल्यावर त्याच पैशांतून स्लॅब पडला. म्हणून ‘पंचावन्नाव्या वर्षी मिळतील’ हे वाक्य वाचून मला जे वाटलं, ते त्याचा कुठलाही शॉट बघून वाटलं नव्हतं.

फिलाडेल्फियाच्या नदीपलीकडे कॅम्डन गावात सेव्हन्टीसिक्सर्सच्या सराव केंद्राबाहेर 2024मध्ये आयव्हर्सनचा पुतळा बसवलाय. नवा बूट घालून मी तिथे गेलो. बहिणीने फोटो काढला.

आपल्याकडे कुणी आणणार असेल तर एक सांगतो. असला पारदर्शक सोल ऊन आणि दमट हवेने पिवळा पडतो, आणि नुसता ठेवून दिला तर चिकटवलेले सांधे सुटतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी घाला. माप संध्याकाळी बघा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

परत आल्यावर बाबांनी बूट हातात घेतला, चष्मा वर सरकवून खिडकीतली जाळी पाहिली आणि टाच अंगठ्याने दोन-तीनदा दाबली. टायर बघायचे तशीच. मग म्हणाले, ‘चांगला आहे. जपून वापर.’