बुरशी काढायची सर्व्हिस घेतली, एकदा नाही दोनदा

आधीच सांगते, पहिल्या कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, उगाच वाद नको. आणि दुसऱ्यांदा काम केलं ते आमच्या डोंबिवलीतलेच वॉटरप्रूफिंगचं काम करणारे एक दादा, ते स्वतःच म्हणाले "ताई नंबर नेटवर टाकू नका, पावसाळ्यात आधीच फोन थांबत नाहीत". त्यामुळे कुणाला बोलवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त काम कसं झालं ते लिहितेय.

जुलैमध्ये बेडरूमचं कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. चार ठिपके वगैरे नाही, खालून पार कमरेपर्यंत, आणि कपाटाच्या मागच्या प्लायला बोट लावलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखं आत गेलं. वास महिनाभर येत होता पण पावसाचा असेल म्हणून सोडून दिला, नवरा म्हणे डांबरगोळ्या टाक.

ॲपवरून बुकिंग केलं, ४,५०० रुपये. दोन मुलं आली, वेळेवर आली, बोलायला चांगली, हे मान्य. पण पंखा चालू ठेवून कोरड्या ब्रशने खसाखसा घासायला लागली, ती काळी पूड अख्ख्या खोलीत, सासूबाईंना दमा, त्यांना शेजारी नेऊन बसवावं लागलं. मग ब्लीच मारलं, आणि डाग हट्टी आहे म्हणून एकजण चक्क संडास साफ करायचं ॲसिड त्यातच ओतायला निघाला, मी ओरडलेच, अरे बाबा त्याचा क्लोरीन वायू होतो, बंद खोलीत सगळे मरू! एवढं सोडलं तर भिंत पांढरी झाली, वर प्रायमरचा एक हात, फोटो, "मॅडम पाच स्टार द्या". दिले पण. २२ दिवसांनी त्याच जागी ठिपके परत. फोन केला तर म्हणे लीकेज असेल तर वॉरंटी नाही. अहो पण लीकेज आहे का हे आधी बघायचं कोणी?

दादा आले ते पहिल्या दिवशी भिंतीला हातच लावेनात. मॉइश्चर मीटर, म्हणजे भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र, टेकवला, आकडा आला २७ (आकडा जेवढा मोठा तेवढी भिंत ओली). मग प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवला आणि गेले, म्हणाले उद्या बघू. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब. बाहेरच्या बाजूला असते तर खोलीतला दमटपणा, आत आहेत म्हणजे भिंतच पाणी सोडतेय. दोन रुपयांचं प्लॅस्टिक आणि मी ४,५०० घालवून बसलेली.

मग वरच्या काकूंकडे. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमचं पाणी जातं ती जाळीखालची वाटी, बोळा घालून बंद केला, बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास साठवलं, मीटर जागचा हलला नाही. बोळा काढून रंगाचं पाणी सोडलं तर संध्याकाळपर्यंत आमच्या भिंतीवर गुलाबी ओघळ. म्हणजे लादी ठीक, ट्रॅपचा जॉइंट गेलेला. काकू आधी सोसायटीवर ढकलत होत्या, सेक्रेटरींनी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांचे नमुना नियम, दाखवले, गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीकडे पण बाथरूमची गळती ज्याची त्याने स्वखर्चाने. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. ट्रॅप बदलला मात्र.

त्यानंतर आमची भिंत. दाराला प्लॅस्टिक, पंखा बंद, मास्क, आणि खरवडायच्या आधी सगळं स्प्रेने ओलं केलं म्हणजे पूड उडत नाही. पुट्टी पार प्लास्टरपर्यंत काढली, डागाच्या बाहेर हातभर अजून, कारण ब्लीच वरवरचं साफ करतं, पुट्टीत मुरलेलं तसंच राहतं. प्लाय टाकूनच द्या म्हणाले. मी विचारलं ही ती विषारी काळी बुरशी का, व्हॉट्सॲपवर येते ती, तर म्हणे रंगावरून काही कळत नाही हो, कुठलीही असो, काढायचीच.

खरा वेळ गेला वाळवण्यात. मी भाबडेपणाने खिडक्या उघड्या टाकत होते, पण ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओली, भिंत वाळणार कशी? खिडक्या बंद करून भाड्याचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, लावला, पहिले काही दिवस रोज सहा-सात लिटर पाणी बादलीत ओतलं, एवढं पाणी खोलीत होतं हे बघून अंगावर काटा आला. तीन आठवड्यांनी मीटर ११. मी रंगासाठी रोज मागे लागायचे आणि दादा रोज म्हणायचे आत्ता रंग लावून पैसे घेईन पण होळीला परत बोलवाल.

आता तक्रारी. मंगळवार सांगून शुक्रवारी येतात. डेब्रिजची पोती दोन दिवस जिन्यात, सोसायटीची बोलणी मी खाल्ली. पक्कं बिल मागेपर्यंत मिळालं नाही. भाडं धरून १४,००० झाले, रंग वेगळा. तरी पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पोत्यांचा कापला. पहिल्यांना दिलेले पाच मी एकवर आणले.

रंग दिवाळीच्या आधी झाला, अजून तरी भिंत स्वच्छ आहे. कपाट वीतभर पुढे ठेवायला सांगितलंय, हवा खेळायला, त्यामुळे बेडचा ड्रॉवर आता अर्धाच उघडतो आणि चादरी तिरक्या करून काढाव्या लागतात.