ऊसतोड मजुरांसाठी काम करायचंय, पण कुणाबरोबर? संघटना, मंच, महामंडळ की कोर्टाची वाट

दसरा झाला की गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात, आणि तुमची छोटी संस्था किंवा बचत गटांचा संघ याबद्दल काहीतरी करू म्हणतोय. हे काम एकट्याने निभत नाही. मजूर राहतो केज, धारूर, पाथर्डीत. राबतो सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट बेळगावात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, आणि ऊस जातो कारखान्याला. त्यामुळे हात कुणाचा धरायचा, हे आधी ठरवावं लागतं. वाटा साधारण चार आहेत. चारही ठिकाणी चांगली माणसं भेटतात, म्हणून माणसं पाहून ठरवू नका. त्या टेबलावर मुकादम कुठल्या बाजूला बसतो, एवढं पाहा.

मजूर संघटना

डाव्यांच्या लाल बावट्यापासून वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या छत्राखालच्या संघटनांपर्यंत इथे सगळं आहे. त्यांची ताकद हंगामाच्या तोंडावर दिसते. कोयता बंद, म्हणजे तोडणीचा संप, म्हटलं की गाळप अडतं, आणि मग कारखान्यांच्या साखर संघाला बोलणी करावी लागतात. करार साधारण तीन वर्षांचा असतो. २०२० मध्ये १४ टक्के वाढ मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. तोडणीचा मूळ दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला (तोडणीच्या प्रकाराप्रमाणे थोडा फरक पडतो).

ही वाढ केवढी, ते एका कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या हिशोबाने बघा. लाखाची उचल घेतली असेल तर जुन्या दराने ती फेडायला ३६६ टन ऊस तोडावा लागायचा; नव्या दराने २७३ टन पुरतो. आकडे गमतीने एकमेकांच्या जागी येऊन बसतात, पण फडात, म्हणजे तोडणीच्या रानात, ती गंमत नसते. जोडीने दिवसाला दोन टन तोडला असं धरलं, तर पूर्वी १८३ दिवस लागायचे, आता १३७. दीड महिना वाचला. दुसरी कुठलीही आघाडी हे काम इतक्या थेट करू शकत नाही.

मात्र त्याच २०२४ च्या तडजोडीत मुकादमाचं कमिशनही १ टक्क्याने वाढलं. बहुतेक संघटनांमध्ये मजूर, मुकादम आणि वाहतूकदार एकाच झेंड्याखाली असतात. कारखान्याविरुद्ध ही एकजूट कामाची आहे. पण आजारी पडल्यावर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावून पाचशे रुपये कापले, पट्टी, म्हणजे हंगामाचा हिशोब, करताना उचलीचा आकडा फुगवला, उचल फिटेपर्यंत बाईला ठेवून घेतलं, असल्या तक्रारी तिथे टेबलावर येतच नाहीत, कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध तोच शेजारच्या खुर्चीवर असतो. मुकादम बहुतेकदा त्याच तांड्यातला, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला आणि पुष्कळदा स्वतःही वाहनमालकाच्या कर्जात बुडालेला असतो. त्याला खलनायक ठरवून काही होत नाही, पण त्याचं हित वेगळं आहे हे विसरूनही चालत नाही.

मंच

महिला किसान अधिकार मंच, सगळे ‘मकाम’ म्हणतात तो, २०१४ पासूनचं देशपातळीवरचं जाळं आहे. महाराष्ट्रात त्यात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांबरोबर ऊसतोड बायकांचं काम मोठं आहे. गावपातळीवरच्या छोट्या संस्था, एकट्या कार्यकर्त्या, आरोग्यावर काम करणारे गट असे सगळे यात येतात. मुकादम नसतो. त्यामुळे संघटनेच्या मागणीपत्रात जे येत नाही ते इथे बोललं जातं: कोयत्याचे पैसे नवऱ्याच्याच हातात का, पाळीच्या दिवसांतला खाडा का, बाळंतपणानंतर किती दिवसांनी मोळी उचलायची, फडावरच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, पाणी आणि आडोसा का नाही.

बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला, तो पत्रकार आणि महिला-आरोग्य गटांनी लावून धरल्यामुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं, म्हणजे सहा जणींमागे एक. त्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. संप न करता एवढं पदरात पडणं थोडं नाही.

उणीवही सांगतो. मंचाच्या हातात कारखाना बंद पाडण्याची ताकद नाही. निर्णय सर्वांना विचारून होतात, त्यात महिने जातात. आणि पाहण्या! एकाच बाईला एका वर्षात तिसरा फॉर्म भरायला लावला की ती सरळ विचारते, “मागच्याचं काय झालं?” उत्तर तयार नसेल तर पाहणी करू नका. मंचात जायचं तर स्थानिक भाषेची माणसं सोबत न्या. वंजारी वस्तीवरची कार्यकर्ती बंजारा तांड्यावर चालेलच असं नाही. गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी बाई पुढे असली तर गोष्टी दुप्पट वेगाने बाहेर येतात.

महामंडळ आणि सरकारी यंत्रणा

गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी रचना ठरली. ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्र हे गावातलं काम, आणि तिथे तुमच्यासारख्या संस्थेचा खरा उपयोग होतो; नोंदणीला माणूस घरी असावा लागतो, आणि तो सहा महिने नसतोच. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली: पहिल्या टप्प्यात ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागांची.

मुलांच्या शिक्षणासाठी कारखान्यावर साखरशाळा की गावात वसतिगृह, हा जुना वाद. माझं मत वसतिगृहाकडे, कारण टोळी एका कारखान्यावर असली तरी फड बदलत राहतो आणि मार्चमध्ये परतलेल्या पोराला गावच्या वर्गात सामावून घेणं फार कठीण जातं. तरी वयात आलेल्या मुलीला आईबाप मागे ठेवायला बिचकतात, आणि त्यांची भीती निराधार नसते. वसतिगृहाची वॉर्डन कोण, हे आधी पाहा.

या वाटेचा तोटा उघड आहे. यंत्रणेचे भागीदार झालात की यंत्रणेविरुद्ध बोलताना जीभ जड होते.

कोर्ट आणि हेल्पलाइन

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकाऱ्याला थेट अधिकार देतो. उचलीपोटी डांबून ठेवलेल्या कुटुंबाची सुटका त्याखाली होऊ शकते. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा मात्र फक्त राज्याबाहेर जाणाऱ्यांपुरता होता. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसायचा, बीडहून कोल्हापूरला गेलेला नाही. नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा जुन्या पुस्तिकांवर विसंबून सल्ला देऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. बुडालेल्या मजुरीसाठी २०२१ पासून इंडिया लेबरलाइन ही फोनवरची हेल्पलाइन चालते. उदयपूरची आजीविका ब्युरो आणि वर्किंग पीपल्स कोअलिशन यांचं हे एकत्र काम. बांधकाम मजुराला ती चांगली उपयोगी पडते, कारण तिथे ठेकेदाराचा निदान नंबर असतो. ऊसतोडीत पुष्कळदा कागदच नसतो, असला तर तो मुकादमाच्या खिशात असतो. म्हणून ही वाट एकेकट्या केससाठी ठेवा, त्यावर संस्था उभी करू नका.

मग निवड कशी करायची?

तुमचा मुख्य प्रश्न दराचा असेल तर संघटनेशिवाय पर्याय नाही, आणि तिथे कराराच्या आधल्या वर्षीच जा. करार झाल्यावर गेलात तर तीन वर्षं सतरंज्या उचलाल. बायका आणि मुलं हा तुमचा विषय असेल, आणि तुमच्या संस्थेत बायका नुसत्या सह्यांपुरत्या नसतील, तर मंच. मी नव्या संस्थेला मंचापासूनच सुरुवात करायला सांगेन. तिथे खाडा, दवाखाना, उचल यांचे हिशोब तारीखवार जमवायचे आणि पुढच्या कराराच्या वेळी तेच कागद घेऊन संघटनेच्या दारात जायचं. दोन्हीकडे एकाच वेळी पदं मात्र घेऊ नयेत. ओळखपत्रांचं काम कुणाबरोबरही गेलात तरी करा, त्याला भागीदारी लागत नाही.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी विचारा: मुकादम सभासद होऊ शकतो का, गेल्या हंगामात एखाद्या मुकादमाविरुद्ध तुम्ही मजुराच्या बाजूने लेखी तक्रार केली का, आणि संकटात रात्री फोन आला तर सांगली किंवा बेळगावात तुमचा माणूस कोण. तिसऱ्याचं उत्तर नाव आणि नंबरासकट मिळालं नाही, तर ती आघाडी कागदावरची समजा. हे सगळं पावसाळा संपायच्या आत उरका. उचलीचे व्यवहार तेव्हाच ठरतात, आणि एकदा अंगठा उठला की एप्रिलपर्यंत कुणीही तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही.