सुतळीच्या गुंड्यांचं यंत्र घेताना: हाताचं, एका फ्लायरचं की चार डोक्यांचं?

खानापूर तालुक्यातल्या बायकांच्या एका संघाने मागच्या महिन्यात फोन करून विचारलं, "ताई, सुतळीचे गुंडे करायचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे बेळगाव, निपाणी, संकेश्वर पट्ट्यात हाच विचार करणारे आणखीही असतील.

आमचं घर बेळगावच्या वडगावातलं. सासूबाईंनी जन्मभर मागवाल्यांसाठी कांड्या, म्हणजे मागावर लागणाऱ्या दोऱ्याच्या नळ्या, भरल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात पहिलं काम शिकले ते रहाटावर कांडी भरायचं. माग कमी झाले आणि आम्ही ज्यूटच्या सुतळीचे, सुती दोऱ्याचे गुंडे करून रविवार पेठेतल्या दुकानांना द्यायला लागलो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते हाताखालून गेलेलं आहे.

यंत्राच्या आधी दुकानदाराला एक गोष्ट विचारून घ्या: गुंड्यातून दोरा आतून निघायला हवा की बाहेरून निघाला तरी चालेल? किराणा दुकानात गल्ल्याच्या वर भोकाचा डबा टांगलेला असतो आणि त्यातून सुतळी खाली लोंबते, ती आतून सुटणारी. गुंडा डब्यात बसून राहतो, घरंगळत नाही. टोमॅटोच्या झाडांना आधार बांधणारी बाई कमरेच्या पिशवीत गुंडा टाकते आणि पुढे चालत राहते, तिलाही आतूनच दोरा लागतो. पण पोत्याचं तोंड शिवणाऱ्याला किंवा हार करणाऱ्याला पुठ्ठ्याच्या नळीवर भरलेला कोन चालतो. तुमचं बहुतेक गिऱ्हाईक असं असेल, तर गुंड्याच्या यंत्राच्या वाटेला जाऊच नका. इचलकरंजीत वापरलेली कोन भरायची यंत्रं मिळतात, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती करणारेही मिळतात.

आता गुंडाच हवा असं धरून चालू.

हाताने फिरवायचं यंत्र मिक्सरपेक्षा स्वस्त पडतं. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, दांडा फिरवायचा, तिरकी दांडी आपल्याभोवती दोरा घेत जाते आणि जाड पेढ्यासारखा चपटा गुंडा तयार होतो. लोकर, क्रोशाचा दोरा, बारीक सुती दोरा यासाठी हे छान. घरी बसून थोडा थोडा माल करणाऱ्या मुलीला मी हेच सांगेन. ज्यूटला मात्र नको. सुतळी ताणाने आली की आतल्या प्लास्टिकच्या चक्रांचे दात झिजतात, आणि शंभरेक गुंड्यांनंतर दांडा फिरतो पण दांडी फिरत नाही, अशी गत होते.

खरी निवड पुढच्या दोन यंत्रांत आहे: एका फ्लायरचं मोटरवरचं आणि एकाच मोटरवर चालणाऱ्या चार डोक्यांचं (डोकं म्हणजे एक फ्लायर आणि त्याची दांडी, एका वेळी एक गुंडा करणारी).

फ्लायरच्या यंत्रात काय होतं ते समजून घ्या, नाहीतर विकणारा काहीही गळ्यात मारेल. फ्लायर म्हणजे दोरा घेऊन गोल फिरणारा हात. मधे तिरकी बसवलेली दांडी, आपल्या चरख्याच्या चातीसारखी. फ्लायर वेगाने फिरतो आणि दांडी स्वतःभोवती हळूहळू वळत राहते, म्हणून प्रत्येक वेढा मागच्यापेक्षा जरा सरकून बसतो. या दोन फिरण्यांचं प्रमाण पूर्णांकात असेल, तर सगळा गुंडा बिघडतो.

हे आम्ही पैसे भरून शिकलो. आमचं पहिलं यंत्र एका विक्रेत्याने नवंकोरं म्हणून दिलं. त्यात फ्लायरच्या बरोबर १२ फेऱ्यांत दांडी एकदा वळायची. म्हणजे तेरावा वेढा नेमका पहिल्यावर, चौदावा दुसऱ्यावर. गुंड्यावर बारा उंच पट्टे उभे राहिले, मधे खाचा, आणि हातात घेतला की पट्ट्यावरचे वेढे घसरून खाचेत पडायचे. तीन आठवडे आम्ही सुतळीला दोष देत होतो. विक्रेता म्हणाला, "ताण वाढवा." ताण वाढवला तर आतला दोरा इतका आवळला की ओढून निघेना.

शेवटी यंत्र रिक्षात घालून उद्यमबागला एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने झाकण काढलं, दात मोजले. एक जोडी २० आणि ६० दातांची, दुसरी १५ आणि ६० ची. तीन गुणिले चार, बारा. त्याने पहिल्या जोडीतलं ६० चं चक्र काढून ६१ दातांचं करून बसवलं. चक्र किंचित मोठं झालं, म्हणून बेअरिंगची भोकं जराशी लांबट करून शाफ्ट सरकवावा लागला. बाकी काही नाही. आता प्रमाण १२.२ झालं. बारा वेढ्यांनंतर दांडी पूर्ण वळायला सहा अंश कमी पडतात. पाच सेंटिमीटरच्या गुंड्यावर सहा अंश म्हणजे अडीच मिलिमीटर, जवळजवळ आमच्या सुतळीच्या जाडीएवढं. प्रत्येक वेढा जुन्याच्या कुशीत बसायला लागला. त्या दिवशी निघालेला पहिला गुंडा सासूबाईंनी किती तरी वेळ तळहातावर फिरवून बघितला.

म्हणून यंत्र बघायला गेलात की आधी झाकण उघडून दात मोजा. विक्रेता मोजू देत नसेल तर तिथून उठा. दुसरं, दांडीचा तिरकेपणा बदलायला खटका आहे का ते बघा. तिरकेपणा पक्का असेल तर गुंडा दोन्ही टोकांना चपटा होतो. तो बदलता येत असेल तर गुंडा हवा तसा गोल करता येतो.

आता चार डोक्यांचं. एका बाईकडून चौपट काम होईल असं सांगून ते विकतात. हिशेब मांडून बघा. फ्लायर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरतोय आणि वेढा सरासरी साडेपंधरा सेंटिमीटरचा धरला, तर मिनिटाला ४६-४७ मीटर सुतळी गुंडाळली जाते. मीटरला दीड ग्रॅमची सुतळी असेल तर १०० ग्रॅमच्या गुंड्याला ६७ मीटर लागतात, म्हणजे साधारण दीड मिनिट. गुंडा काढणं, टोक खोचणं, पट्टी लावणं, नवं टोक अडकवणं याला अर्धं मिनिट. हे अर्धं मिनिट यंत्राचं नसतं, हातांचं असतं.

एका मोटरवरची चार डोकी एकदम थांबतात. दीड मिनिट गुंडाळणं, मग चार गुंडे काढायला दोन मिनिटं, आणि तेवढा वेळ चारही डोकी गप्प. साडेतीन मिनिटांत चार गुंडे, तासाला ६८. दोन सुटी यंत्रं घेतली तर एक चालू असताना दुसऱ्याचा गुंडा निघतो. दोन मिनिटांत दोन, तासाला ६०. बाईला दर फेरीत मिनिटभर उसंत मिळते ती वेगळी. तीन सुटी यंत्रं एका बाईने सांभाळली तर हिशेबाने तासाला ९० निघतात, पण तेवढं मी कुणाला सांगणार नाही, पाठ आणि डोळे दोन्ही जातात. आणि चारपैकी एका डोक्याचा दोरा तुटला की चारही थांबतात, हे त्या ६८ मध्ये अजून धरलेलंच नाही.

गुंडा आपोआप काढणारी, दोरा कापून टोक खोचणारी यंत्रंही असतात. हवेच्या दाबाचा कॉम्प्रेसर, सेन्सर, सगळं आलं. महिन्याची पक्की मोठी मागणी लेखी हातात असेल आणि कर्ज फेडायची ताकद असेल, त्यांनीच तिकडे बघावं. गावात सेन्सर बिघडला तर माणूस येईपर्यंत काम बंद.

विजेचा प्रश्न खानापूरकडच्यांनी आधी सोडवायचा. घराला हेस्कॉम या वीज कंपनीचं सिंगल फेज कनेक्शन असतं. अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालते, पण मला त्याहून बरा वाटतो तो ड्राइव्ह: आत सिंगल फेज घेऊन थ्री फेज मोटर चालवणारा. त्याने यंत्र हळू सुरू होतं, नंतर वेग घेतं. एकदम झटका बसला की सुतळी पहिल्याच वेढ्याला तुटते.

काहींनी मला लेदर बॉलच्या गाभ्याबद्दलही विचारलं. आपल्याकडे मैदानं भरलेली असतात, मग बॉल इथेच का करू नयेत, असं पोरांना वाटतं. ते यंत्रच निराळं. बुचाच्या गाभ्यावर लोकरीचा दोरा घट्ट गुंडाळायचा आणि तो सगळीकडून सारखा बसायला हवा, म्हणून तिथे दांडी चालत नाही, तिने मधे भोक पडतं. गाभा रोलरांमध्ये अधांतरी फिरवत त्याची दिशा सतत बदलत ठेवतात. अमेरिकेत १८९८ मध्ये हॅस्केल यांनी रबरी दोरा गुंडाळलेला गोल्फ बॉल काढला, पण हाताने ते काम जिकिरीचं होतं. गॅमेटर यांनी गुंडाळायचं यंत्र केलं तेव्हा कुठे तो बॉल कारखान्यातून भराभर निघू लागला. बेसबॉलमध्ये तर चार थर असतात आणि पहिला थर एकटाच १२१ यार्ड लोकरीचा. क्रिकेटचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅममध्येच बसावा लागतो, वर कातडं आणि शिवण. हे काम मेरठ आणि जालंधरमध्ये पिढ्यांपासून चालतं. नुसतं यंत्र आणून तो हात येत नाही, पोरांनी आधी तिथे जाऊन काम बघावं.

आता मोजणी. स्वस्त यंत्राला वेढे मोजणारा काउंटर असतो. सुतळी कुठे जाड, कुठे बारीक, त्यामुळे वेढे सारखे असले तरी लांबी सारखी येत नाही. दोरा चाकावरून नेऊन मीटर मोजणारा काउंटर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. वजनावर विकणाऱ्यांनी तर हे मनावरच घ्यावं. ज्यूट हवेतलं पाणी पितं. त्याचा प्रमाण ओलावा १३.७५ टक्के धरतात. आपल्याकडच्या पावसात १८ टक्क्यांवर असताना १०० ग्रॅम भरलेला गुंडा नंतर त्या प्रमाणावर आला की ९६ ग्रॅमच उरतो. बाईने काटा बघून प्रामाणिकपणे भरलेला असतो आणि मार्चमध्ये दुकानदार तिला खोटं ठरवतो. मला हे फार लागलं होतं, म्हणून आम्ही पट्टीवर मीटर छापतो. पॅकबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पट्टीवर निव्वळ माप, किंमत, महिना-वर्ष आणि करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. नळीवर भरत असाल तर नळीचं वजन मालात धरता येत नाही.

ज्यूटचा कुसळासारखा भुसा उडतो. नाकाला फडकं बांधा, मोटरवरचा भुसा रोज झाडा, आणि त्या खोलीत चूल किंवा उदबत्तीसुद्धा नको.

संघाला मी दोन सुटी, एकेका फ्लायरची यंत्रं घ्यायला सांगितलंय. दोन्ही एकदम घेऊ नका, पहिलं तीन महिने चालवा, मग दुसरं. बघायला जाताना तुमची स्वतःची सुतळी घेऊन जा, विक्रेत्याच्या गुळगुळीत दोऱ्यावर काहीच कळत नाही. दहा गुंडे करून घ्या. मग त्यातला एक तिथेच जमिनीवर ठेवा आणि आतलं टोक धरून शेवटचा वेढा सुटेपर्यंत ओढत राहा. पाच-दहा मिनिटं लागतील, विक्रेता कंटाळेल. मधे गुंता झाला किंवा गुंडा पोटात खचला, तर त्याला ताणाची चकती (सुतळी दाबून धरून तिला ताण देणारी) सैल करून पुन्हा दहा करायला लावा.