मारुती ८००: पुढचं सस्पेन्शन आणि एक्सल बदलल्यावर पावसाळाभराचा अनुभव

आमची २००४ची मारुती ८०० पासिंगला न्यायच्या आधी पुढून पूर्ण खोलून घेतली. खड्ड्यात खडखड होती, ब्रेक दाबला की पायाखाली धप्प व्हायचं आणि स्टेअरिंग पूर्ण कापून वळताना चाकातून कटकट ऐकू यायची. त्यानंतर अख्खा पावसाळा आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी ये-जा झाली, म्हणून आता लिहितोय.

आधीच्या गॅरेजने दोन्ही शॉकअप बदलून दिले होते आणि आवाज तसाच राहिला होता. या गाडीचा लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा एकच आडवा दांडा. त्याला पुढे-मागे हलू न देण्याचं काम स्टॅबिलायझर रॉड करतो. या रॉडचे बुश (रबरी बैठका) झिजले की ब्रेक मारताना चाकच मागे सरकतं. बघायला सोपं आहे: मोकळ्या जागेत गाडी रांगती ठेवायची, एकाने हलका ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने लांबून टायर आणि मडगार्डमधल्या फटीकडे बघायचं. आमच्या डाव्या चाकाची फट डोळ्यांदेखत कमी-जास्त होत होती. या सगळ्या कामात बुश सर्वांत स्वस्त, आणि गाडीत सर्वांत मोठा फरक त्यांनीच पाडला.

नव्या मिस्त्रींची एक गोष्ट मला फार पटली. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट त्यांनी गाडी घोडीवर असताना नुसता बसवला. गाडी चाकांवर उतरवली, बॉनेट दाबून दोन-चार वेळा हलवली आणि मगच पक्का आवळला. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळतात.

आता एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. कटकट त्याच्या बाहेरच्या, चाकाकडच्या जॉइंटची होती. जॉइंटवरचा बूट (ग्रीस आत धरणारं रबरी आवरण) नुकताच फाटला असेल तर जॉइंट धुऊन, काळं मॉली ग्रीस भरून, नवा बूट घालून भागतं. कटकट सुरू झाल्यावर ग्रीसने काही होत नाही. दुकानातून आलेला पहिला एक्सल हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) नीट गेला, पण गिअरबॉक्सकडे पूर्ण बसेना. ठोकून बसवायचा आग्रह न धरता मिस्त्रींनी जुना-नवा शेजारी ठेवून टोकाच्या खाचा मोजल्या, लांबी मापली. ऑइल सील ज्या भागावर बसतं तोच आखूड होता. तो तसाच चढवला असता तर गिअर ऑइल गळत राहिलं असतं. डाव्या-उजव्या एक्सलची लांबीही वेगळी असते, त्यामुळे जुना एक्सल हातात घेऊनच दुकानात जा.

बरोबरचा एक्सल नवीन सर्क्लिप (एक्सल आत अडकवून धरणारी कडी) लावून आत ढकलला तेव्हा ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला. नंतर जॉइंटची वाटी धरून ओढून पाहिली. दांडा धरून ओढायचा नाही, आतला जॉइंट सुटू शकतो. शॉकअप काढल्यावर हब बाहेर झुकला तरी हेच होतं, म्हणून तो तारेने बांधून ठेवला होता. सील नवीन, गिअर ऑइल नवीन, हबचा नट टॉर्क रेंचने आवळून तो सुटू न देणारी स्प्लिट पिन नवी. शेवटी अलाइनमेंट.

आज ब्रेकला गाडी सरळ थांबते, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मधे येतं, पुढचे टायर सारखे झिजताहेत. गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब नाही. पण नवे शॉकअप कडक आहेत, शहरातले बारीक खड्डे पूर्वीपेक्षा जास्त जाणवतात. आणि बाजारातल्या बुशपैकी उजवीकडच्या एकाला आत्ताच बारीक भेग दिसतेय. इतक्या लवकर ती यायला नको होती. तो बुश आता कंपनीचा मागवलाय, दोन्ही बाजूंना एकदमच घालणार आहे.