केळीचा फळपीक विमा : सहा हंगामांनंतरचा अभिप्राय

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तापीकाठी माझी दीड हेक्टर केळी आहे आणि सलग सहा हंगाम मी हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवत आलो आहे. ठिबकच्या नळ्या, मोटारपंप, फवारणी यंत्र यांच्या बऱ्यावाईट अनुभवांविषयी आपल्याकडे लोक सविस्तर लिहितात. पण ज्या सेवेसाठी दरवर्षी रोख पैसे मोजतो, त्या विम्याविषयी पारावर नुसत्या शिव्या ऐकू येतात. शिव्यांमागचा संताप खरा आहे, तो माझ्याही मनात आहे, आणि म्हणूनच तो नेमका कोणावर असायला हवा हे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. कंपनीचे नाव मी देणार नाही. निविदेनंतर जिल्ह्याला कंपनी बदलून मिळते आणि या सहा हंगामांत माझ्या पावतीवरचे नाव बदलले, तरी अनुभव बदलला नाही.

ज्यांनी हा विमा कधी घेतला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खरिपाच्या विम्यात उत्पादन घटले की नाही हे पाहिले जाते. केळीच्या विम्यात बागेकडे नव्हे, तर महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या महसुली गटातल्या, हवामान केंद्राच्या नोंदीकडे पाहिले जाते. थंडीत किमान तापमान सलग तीन दिवस 8 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिले, उन्हाळ्यात पारा ठरलेल्या अंशांवर ठरलेले दिवस टिकला, अथवा वाऱ्याचा वेग ताशी 40 किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला, तर भरपाई देय होते. वारा आणि गारपिटीच्या बाबतीत शेतकऱ्याने 72 तासांच्या आत नुकसानीची सूचनाही द्यावी लागते. सीएमव्हीसारख्या विषाणूजन्य रोगाने अख्खी बाग उपटून बांधावर टाकावी लागली, तरी या विम्यात त्याला काहीही मिळत नाही, आणि आपल्या भागात गेल्या काही वर्षांत वादळाइतकीच घरे याच रोगाने बुडवली आहेत.

विमा उतरवणे सोपे आहे. सातबारा, आधार, पासबुक, पीकपेरा आणि बागेचा स्थळनोंद असलेला फोटो घेऊन 31 ऑक्टोबरच्या आत सेवा केंद्रावर गेले की अर्ध्या तासात पावती हातात पडते. नुकसान झाले त्या वर्षीच्या माझ्या पावतीवर विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 1,40,000 रुपये आणि माझा हप्ता त्याच्या 5 टक्के, म्हणजे हेक्टरी 7,000 रुपये होता. दीड हेक्टरचे 10,500 रुपये मी भरले. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतात, म्हणजे तोही आपल्याच करातून जातो. पैसे घेण्याच्या बाबतीत ही सेवा अत्यंत तत्पर आहे.

एक चांगली गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. एका वर्षी जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, पाने पिवळी पडून करपली, घडांचे पोषण थांबले, आणि कोणताही अर्ज न करता, कोणाच्याही दारात न जाता माझ्या खात्यात भरपाई जमा झाली. उशिरा झाली, पण पूर्ण झाली. यंत्राने नोंद घेतली, निकष पूर्ण झाला, पैसे आले. मध्ये कोणाची सही नाही, कोणाची शिफारस नाही. ही योजना कागदावर वाईट नाही असे मी म्हणतो ते याच अनुभवावरून.

वादळाच्या वर्षी मात्र सगळे उलटे घडले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेकडून काळोख करून वारा आला आणि वीस मिनिटांत माझी बाग आडवी झाली. केळीचे घड ऐंशी टक्के भरलेले, पंधरा-वीस दिवसांत कापणीला आली असती. बुरहाणपूरच्या बाजारात त्या आठवड्यात केळीचा भाव चांगला होता, त्यामुळे नुकसान अधिक टोचले. मी त्याच रात्री दूरध्वनीवर सूचना दिली, तक्रार क्रमांक घेतला आणि वाट पाहू लागलो. कंपनीचा प्रतिनिधी नवव्या दिवशी आला. तोवर मोडलेले खांब, म्हणजे केळीची खोडे, जागेवर ठेवावे लागले, कारण बाग साफ केली तर पाहणीला पुरावा उरत नाही, आणि साफ न केली तर पुढच्या लागवडीची वेळ निघून जाते. या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याला काय करायचे याचे उत्तर योजनेच्या कोणत्याही कागदात नाही. प्रतिनिधी विशी-बाविशीतला मुलगा होता, कंत्राटावर नेमलेला, एका दिवसात पंधरा शेते पाहण्याचे काम दिलेला. त्याने छापील अर्जावर माझी सही घेतली तेव्हा टक्केवारीचा रकाना रिकामा होता. मी विचारले, तर म्हणाला, “आप्पा, ते ऑफिसात भरतात.” मी सही केली, ही माझी चूक होती आणि तिची किंमत मी पुढे मोजली.

काही महिन्यांनी कळले की आमच्या मंडळाच्या केंद्रावर त्या दिवशीचा कमाल वेग निकषाच्या खाली नोंदला गेला होता. हे केंद्र माझ्या शेतापासून अकरा किलोमीटरवर, इमारती आणि झाडांच्या आडोशाला उभे आहे. वादळाचा पट्टा अरुंद असतो, तो एका शिवारातून जातो आणि शेजारचे शिवार सोडतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण एका मंडळातल्या सगळ्या गावांचा वारा एकच यंत्र ठरवते. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिला, मग जिल्ह्याच्या. अखेर अकरा महिन्यांनी पंचनाम्याच्या आधारे अंशतः भरपाई मिळाली, आणि तीत नुकसान 35 टक्के धरलेले होते. ज्या बागेत एक खांब उभा नव्हता तिचे नुकसान 35 टक्के.

यानंतर तालुक्याच्या ठिकाणी आंदोलन झाले, त्यात मीही होतो. तेथे जे पाहिले त्यामुळेच हा अभिप्राय कंपनीपुरता ठेवता येत नाही. मंचावर जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाचे कोणी ना कोणी होते. प्रत्येकाने कंपनीला लुटारू म्हटले, प्रत्येकाने शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ घेतली, आणि खाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने अगदी हळू आवाजात मला विचारले, “या अटी लिहिल्या कोणी?” त्या प्रश्नाचे उत्तर मंचावर बसलेल्यांपैकी एकालाही द्यायचे नव्हते.

उत्तर शासन निर्णयात आहे. कंपनी निविदा भरते, पण कोणत्या पिकाला कोणता निकष, किती दिवस, किती वेग, किती रक्कम, हे राज्य सरकार ठरवून जाहीर करते. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपात सुरू झाली आणि हवामानावर आधारित फळपीक विमाही त्याच वर्षी नव्या रूपात आला. तेव्हापासून महाराष्ट्रात भाजप आणि शिवसेना यांचे सरकार होते, मग 2019 ते 2022 शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे, त्यानंतर फुटलेल्या पक्षांसह महायुतीचे. म्हणजे आज एकमेकांच्या नावाने बोटे मोडणारा राज्यातला प्रत्येक प्रमुख पक्ष या अटींचा कधी ना कधी मालक राहिलेला आहे. 2020 मध्ये केळीचे निकष बदलले आणि रावेर-यावलमध्ये असंतोष उसळला, तेव्हा राज्यातले सत्ताधारी केंद्राकडे बोट दाखवत होते आणि केंद्रातला पक्ष राज्याकडे. आपण मधल्या मध्ये उभे होतो. सगळे एकाच माळेचे मणी, असे गावात म्हणतात ते रागाच्या भरात म्हटलेले नाही, अनुभवाने म्हटलेले आहे.

खरिपाच्या विम्यातही हेच दिसते. 2023 मध्ये एक रुपयात पीक विमा आला, त्याचे फलक चौकाचौकांत लागले, 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत काढून घेण्यात आली. सोबत स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे वेगळे दावेही वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही नमुना शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, बांधली गेली. सवलतीत गैरप्रकार झाले हे मान्य. बोगस अर्ज करणाऱ्यांना पकडायला हवे होते. पण बोगस अर्जांची शिक्षा ज्याचे कापसाचे शेत खरोखर पाण्याखाली गेले त्याला का?

कंपनीचा धाक सरकारला इतका का वाटतो, असा प्रश्न मग पडतोच. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याचे रोखे, घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा मी त्या तालुक्यातून छापून आणल्या आणि दोन रात्री बसून वाचल्या. विमा कंपन्यांवर मी कोणताही आरोप करत नाही. मला धक्का बसला तो देण्याच्या पद्धतीचा. सर्वांत मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, तिने 1,368 कोटींचे रोखे घेतले आणि ते तृणमूल, द्रमुक, भाजप अशा एकमेकांच्या विरोधात लढणाऱ्या पक्षांनी वटवले. दुसऱ्या क्रमांकाच्या मेघा इंजिनिअरिंगचे रोखे भाजपबरोबरच तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीनेही वटवले. भाजपला सर्वाधिक, सहा हजार कोटींहून अधिक मिळाले हे खरे, पण ज्या राज्यात जो सत्तेवर, तेथे त्याच्याही खात्यात पैसा गेलेला दिसतो. कंपनीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देता येणार नाही, ही जुनी मर्यादा 2017 मध्येच काढून टाकलेली होती. माझ्यासारखा माणूस 10,500 रुपये भरून पावती जपून ठेवतो. तेथे कोट्यवधींच्या देणगीवर देणाऱ्याचे नाव नको, असा कायदाच केला गेला होता.

अटी बदलता येत नाहीत, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या नंदुरबारच्या सीमेपलीकडच्या गुजरातने 2020 मध्ये या योजनेतून बाहेर पडून शेतकऱ्याकडून हप्ता न घेणारी स्वतःची मदत योजना आणली; बिहार त्याआधी 2018 मध्येच बाहेर पडला होता. त्यांच्या योजना आपल्याहून चांगल्या आहेत असा माझा दावा नाही. आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यात 2020 मध्ये कंपनीच्या नफ्याला 20 टक्क्यांची मर्यादा घालून उरलेला हप्ता राज्याला परत करण्याचे सूत्र वापरले गेले. सरकारला वाटले की अट बदलते. आमच्या मंडळात दुसरे हवामान केंद्र बसवायला, पंचनाम्याची प्रत जागेवरच शेतकऱ्याच्या हातात द्यायला आणि पाहणी पाच दिवसांत न झाल्यास शेतकऱ्याने काढलेले फोटो ग्राह्य धरायला कोणत्या घटनादुरुस्तीची गरज आहे?

एवढे सगळे लिहूनही येत्या ऑक्टोबरात मी हप्ता भरणार आहे, कारण थंडीच्या भरपाईने एकदा तारले आहे आणि दुसरा आधार नाही. सेवेला पाचपैकी दोन गुण देतो, ते दोन्ही तापमानाच्या भरपाईसाठी. वारा आणि गारपिटीच्या भरपाईला एकही नाही. जे पहिल्यांदा विमा घेणार आहेत त्यांनी आपल्या मंडळाचे हवामान केंद्र प्रत्यक्ष जाऊन पाहावे, त्याभोवती झाडे-भिंती असतील तर फोटो काढून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी नोंद करावी, नुकसान झाल्यास 14447 या क्रमांकावर 72 तासांत सूचना देऊन तक्रार क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा, आणि टक्केवारीचा रकाना रिकामा असलेल्या पंचनाम्यावर सही करू नये. पाहणीला आलेल्या मुलावर हात उगारू नका. त्याला पाणी द्या. आणि पुढच्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला दारात येईल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याच्यासमोर केळीचा शासन निर्णय ठेवून त्यातली वाऱ्याची अट वाचून घ्या आणि ती कशी बदलणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्या गावातल्या चाळीस बागायतदारांनी तो कागद आताच छापून आणला आहे.